बाजेवर वाळत घातलेलं पॅनल

३ एप्रिल, गुरुवार

‘माझ्या गावकऱ्यांनो, आपल्या गावची विजेची डीपी जळून पंधरवडा झाला आणि आपण अजून कंदिलाच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघतोय!’ — आज समाजमंदिरात मी अशी सुरुवात केली. घसा बसेपर्यंत बोलले. हक्क, न्याय, जगभरातली दोन-तीन साम्राज्यं उलथवून झाली. टाळ्या भरपूर. लाइनमन मान डोलवत होता. ‘वरून आली का लावून देतो, मॅडम,’ म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला.

सगळे उठले. शेजारची जनाबाई तेवढी बसून राहिली. हातात बंद पडलेला फोन.

‘रत्नाबाई, तुमी बोलल्या ते सारं खरं हाय. पण माह्या फोनचं काय करू?’

४ एप्रिल

जनाबाईचं दुखणं आज नीट कळलं. तिची मुलगी गुड्डी सासरी मार खाते. नवऱ्याने तिचा फोन काढून घेतला आहे. मागच्या आठवड्यात शेजारणीच्या फोनवरून जेमतेम बोलली — ‘आई, लपून लावीन पुन्हा. बंद आला तं समजीन, तुमालेबी मी नको.’

आणि फोन बंद! शेजारच्या सानगडी गावात वीज आहे, तिथल्या दुकानात चार्जिंगला देता येतो. पण मग फोन दिवसभर तिथे आणि जनाबाई इथे. नेमका तेव्हाच वाजला तर? बॅटरीही म्हातारी, घरी आणला की दुपारपर्यंत मान टाकते.

तिचा नवरा सोमाजी ओसरीवर दोर वळत होता. मान वर न करता म्हणाला, ‘बंद हाय तं बरं हाय. पोरीनं सासरीच राहावं.’

मग काय! मी त्याला तिथेच धारेवर धरलं. बाईचं माहेर म्हणजे काय, मुलगी देणं म्हणजे दान नव्हे — सगळं सुनावलं. सभेत यावरच लोक रडतात. सोमाजी दोर वळत राहिला. ‘झालं बोलून? पाणी आणू का बाईसाठी?’

५ एप्रिल

माझ्या शेतात कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलं होतं. मशीन बिघडलं, त्याचं सौर पॅनल धड आहे. त्यावर फोन चार्ज करता येईल का? पुस्तकं इतकी वाचली, आणि घरातला बल्बही दुसऱ्याकडून लावून घेते मी!

एक मन म्हणतं, असले जुगाड केले की मागणी ढिली पडते. ‘तुमचं तर भागतंय ना’ म्हणायला कार्यालयवाले तयारच! खरं आहे ते. पण डीपी लागेपर्यंत गुड्डी थांबणार आहे का?

पॅनल स्कूटीवर बांधून आणलं.

६ एप्रिल

साकोलीच्या दुकानात विचारलं. गाडीत लावतात तो मोबाइल चार्जर दिला — बारा व्होल्टवर चालणारा. पॅनलची लाल वायर त्याच्या टोकाला, काळी बाजूच्या पत्रीला. बस!

घरी येऊन बघते तर उन्हाने दोन्ही वायरी एकाच रंगाच्या झालेल्या. अंदाजाने जोडल्या. फुस्स! जळका वास आणि चार्जर गेला.

सोमाजी कुंपणापलीकडून — ‘भाषण करून पाहा ना बाई, चार्ज होते का!’

नशीब, फोन अजून लावला नव्हता.

७ एप्रिल

दुसरा चार्जर आणला. आधी पॅनलची पाठ पुसली. धुळीखाली अधिक-उणे छापलेलंच होतं!

८ एप्रिल

झालं! चाललं! जनाबाईच्या अंगणात, कुरड्यांच्या बाजूला, बाजेवर पॅनल ठेवलं. फोनवर बॅटरीची खूण हलायला लागली. मी ओरडलेच. जनाबाईने पॅनलला कुंकू लावलं — काचेवर नको म्हटलं तर चौकटीला लावलं.

मी डीपीचं निवेदन द्यायला गेले. संध्याकाळी परत येते तर फोन मेलेला. थेंबभरसुद्धा चार्जिंग नाही. दुकानदाराला मनातल्या मनात जे काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मधल्या वेळात गुड्डीने फोन लावला असेल तर?

९ एप्रिल

आज बसून पाहिलं. सकाळी सगळं ठीक. सूर्य डोक्यावर आला तशी जनाबाई उठली, कुरड्या एकेक करून उलटवल्या आणि शेवटी पॅनलही उचलून पालथं घातलं!

‘अवं जनाबाई!’

‘काहून? एका बाजूनं चांगलं तापलं होतं. आता दुसऱ्या बाजूले नको का ऊन?’

मी आधी कपाळाला हात लावला. मग हसू आवरेना. तीही हसली. मग हसता हसता डोळ्यांना पदर लावून बसली. ‘माह्याच हातानं बंद केला वं मी. पोरगी काय समजली असंन?’

मी पॅनल पुन्हा सुलटं केलं. तिच्याजवळ बसून राहिले.

११ एप्रिल

आता फोन दिवसभर जिवंत असतो. ऊन सरकेल तशी बाज फिरवावी लागते, पॅनलचं तोंड सूर्याकडे राहिलं पाहिजे. आज मी गेले तेव्हा ती आधीच फिरवलेली होती. शाब्बास म्हटलं तर जनाबाई म्हणते, ‘मी कुठं फिरवली? मी तं मोहफुलं वेचाले गेली होती.’

१३ एप्रिल

ढग. चार्जिंग सुरू, बंद, सुरू, बंद. फोन आला नाही. डीपीही नाही.

१५ एप्रिल

फोन वाजला! जनाबाई मोह वेचायला गेलेली. मी कुंपण ओलांडेपर्यंत सोमाजीने उचलला होता. जुना फोन, आवाज बाहेरपर्यंत येतो.

‘आई?’

‘मी हावो. तुहा बाप.’

मला वाटलं, ठेवला तिने.

‘ठेवू नको वं,’ सोमाजी म्हणाला. ‘तुह्या फोनसाठीच रोज बाज फिरवून राहिलो. कुठं हायेस?’

साकोलीच्या बस स्टँडवर. कुणा बाईच्या फोनवरून.

‘तिथंच थांब. कोणासंग जाऊ नको.’

फोन छातीशी धरून तो माझ्याकडे वळला. म्हणाला —

‘रत्नाबाई, गाडी काढा.’