गुटीची सुरी

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी लिहायला बसले आहे ती एका टीव्ही मालिकेवरून. हसू नका. ड्रॅगन, बर्फाचे डोंगर, आपोआप पेटणारी तलवार, असली मालिका आहे. दर रविवारी दुपारी मी बारामतीहून एसटीने अंथुर्ण्याला धाकटीकडे जाते आणि आम्ही दोघी ती बघतो. काल सीझनचा शेवटचा भाग होता. मालिकेच्या सुरुवातीला एक राजा आपली तलवार धाकट्या मुलीला द्यायची ठरवून मरतो आणि थोरली ती लपवून ठेवते. बिचारी धाकटी सगळे भाग साध्या कुऱ्हाडीने लढते. काल थोरली बर्फ तुडवत गेली, तलवार बहिणीच्या हातात दिली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. आपली धाकटीही पदराने डोळे पुसत होती. मी म्हणाले, "काहीतरीच शेवट. असं कोण परत देतं?"

"मग काय पेटीत घालून ठिवायची व्हय? थोरलीला कुठं चालवाया येती?"

"बापाने शिकवली नाही, म्हणून येत नाही."

"आगं आक्का, टीव्हीवर कशाला डाफरतीस? रिटायर झालीस की आता."

मला डाळिंबाची बाग दिसत होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आले आहे. तुम्ही धाकटीला गुटी बांधायला शिकवता आहात. तुमच्या त्या सुरीने पेन्सिलीएवढ्या फांदीवरून सालीची बांगडी काढायची, उघड्या लाकडावर ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. मुळ्या फुटल्या की फांदी कापून नवं झाड. मला तुम्ही बोलावत नाही. मग मी पलीकडच्या ओळीत, न विचारता, कंपासपेटीतल्या पट्टीने मापून पंधरा गुट्या बांधते. महिन्याभराने तुम्ही एकेक सोडता. एकीलाही मुळी नाही, साल पुन्हा जुळून आलेली. साल काढल्यावर खालचा बुळबुळीत थर खरवडायचा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "पट्टीनं मापून मुळ्या फुटत न्हाईत, बाई," तुम्ही म्हणता. "तुजा हात पेनाचा हाय." पुढच्या बाजारी तुम्ही इंदापूरहून मला पेन आणता आणि माझ्यादेखत सांगता, "ही सुरी माज्यामागं धाकटीची."

त्या पेनाने मी मुख्याध्यापिका झाले. धाकटी सातवीतून घरी बसली. जास्त मलाच मिळालं, हे मला कळतं. तरी तिने लावलेली झाडं बघितली की अजून माझ्या पोटात दुखतं.

तुमच्या तेराव्याला सुरी सापडेना. धाकटीने गोठा, माळा, विहिरीची कड, सगळं धुंडाळलं. शेवटी म्हणाली, "आबांनी संगं न्हेली आसंल," आणि दाढीच्या ब्लेडने गुट्या बांधायला लागली. अजून ब्लेडनेच बांधते. काल तिच्या अंगठ्याला पट्टी होती.

तुम्ही नेली नाही, आबा. ती माझ्या कपाटात साड्यांखाली असते. वर्षातून दोनदा तेल लावते, बाकी तिचा मला काही उपयोग नाही. आज आधी हे धाकटीलाच लिहायला बसले होते. दोन ओळी झाल्या आणि फाडून टाकल्या. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे कुणाला पाठवावं लागत नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. शेवट काय होणार, ते मागच्याच भागात दिसलं होतं, म्हणून काल निघताना मी सुरी फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातली होती. मी परत निघाले तेव्हा धाकटी डाळिंबं घेऊन दारात आली आणि तिने माझ्या पिशवीत हात घातला. "राहू दे, मी भरते," म्हणत मी पिशवी ओढून घेतली. तिने एकेक डाळिंब पुढे केलं, मी ती सगळी सुरीवर रचली आणि एसटीत बसले. टीव्हीतल्या त्या थोरलीचा मला रस्ताभर हेवा वाटत होता.