चंद्रशीतचे नवे मालक

५ मे, मानोरा

परत मालक बदलले! आमचे नाई — चंद्रशीत फ्रिज कंपनीचे. पयले पुण्याचे दोघं भाऊ. त्यांच्या पोरांची भांडणं झाली, तं मुंबईच्या शेठनं घेतली. शेठनं जपानवाल्यांले विकली. आता म्हणे कोणी सिंगापूरवाले. इंद्रभान पेंटर खुश — दर वेळी दुकानाच्या बोर्डावरची खालची, मालकाच्या नावाची ओळ त्यालेच बदला लागते.

आमी काई खुश नाई. कंपनीच्या नागपूर ऑफिसातल्या साहेबांचा फोन होता — "रूपालीताई, लहान एजन्सी बंद होणार आहेत. तुमची ठेवायची तर मला काहीतरी कारण द्या." सासऱ्यांनी, जगदेवमामाजींनी, उभी केलेली एजन्सी! ते गेल्यापासून मी आन् माहे मालक हरीओम दोघंच सांभाळून राह्यलो. कारण काय देऊ, डोंबल?

६ मे

कारण सुचलं! कंपनीले जाहिरातीसाठी सगळ्यात जुना चालू फ्रिज पाह्यजे. मामाजींनी विकलेला पयला फ्रिज तांड्यावर हेमसिंगकाकाकडे हाय. काकाच्या बायकोले, नानीमावशीले फोन केला. "हाय ना, नव्यासारखा!" साहेबांले लगेच कळवून टाकलं. ९ तारखेले येतात.

८ मे

तांड्यावर जाऊन आलो. नव्यासारखा कसा नाई राहीन! मावशीनं दार उघडलं — आत तुरीचं बी, मुगाचं बी, लुगडी, डांबरगोळ्या.

"याच्यात दूध-भाजी नाई ठेवत?"

"कायले? याले उंदीर लागत नाई. आमी सा महिने ऊसतोडीवर राह्यलो तरी बी जसंच्या तसं."

मंग कळलं — फ्रिज घेतला तवा तांड्यात वीजच नव्हती! मामाजी म्हणले होते, येऊनच राह्यली. ती आली कितीतरी वर्षांनी. तवर त्याचं कपाट होऊन गेलं. धन्य मामाजी!

हरीओमनं सगळं बाहेर काढलं, पुसलं, प्लग लावला. आधी खोकलल्यासारखा झाला, मंग घुर्र! मी तं ओरडलीच. मावशीले बजावलं — साहेबांले बियाण्याचं नको सांगू. मावशी बियाण्याच्या पिशव्या खाटेखाली सरकवत राह्यली.

९ मे

बोंबला!

साहेब मोबाइलवर शूटिंग करून राह्यले होते. "मावशी, कधीपासून चालतो हा?"

"कालपासून!"

आन् पूर्ण रामायण सांगितलं. वरून हेमसिंगकाका — "पण जगदेवभाऊनं चीज मजबूत देली, साहेब." साहेब पोट धरून हसले. गाडीत बसताना मात्र एवढंच — "कळवतो."

मी मावशीवर चिडली. तं म्हणे, "माह्याच घरात मले खोटं बोलाले लावतं व्हय?" चहा पिऊन आलो.

१२ मे

फोन नाई. हरीओमनं दोनदा मोबाइल बंद-चालू करून पाह्यला.

१९ मे

साहेबांचा फोन! "तुमची एजन्सी राहिली, ताई. मी लिहून दिलं — ज्या माणसानं वीज नसलेल्या तांड्यात फ्रिज विकला, त्याचं दुकान बंद करू नका."

मी उड्याच मारल्या. म्हटलं, साहेब, उद्याच पेढे घेऊन नागपूरले ऑफिसात येतो!

"ऑफिस बंद केलं नव्या मालकांनी. पेढे घरी आणा. मी आता घरीच असतो."