शिट्टी वाजल्यानंतरचा गुडघा

मी, मार्तंड गणपतराव धकाते, वय बासष्ट, धंदा हातमागावर लुगडी विणणे, राहणार तांडापेठ, नागपूर, आज शनिवारी सकाळी आतल्या खोलीत कडी लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, दारूचा थेंब घेतलेला नाही, कोणी बळजबरी केलेली नाही. भ्यालेला मात्र आहे आणि ते लपवत नाही. दाराशी सायकल थांबली की माझा हातही थांबतो.

कारण असे की, उद्या कबड्डीचा अंतिम सामना आहे आणि मी मुख्य पंच आहे. त्यातला एक संघ म्हणजे सात वर्षे अजिंक्य असलेले वज्रदंड मंडळ. परवा त्यांचा कप्तान ईश्वरदास दोघांना घेऊन घरी आला. चहा प्याला, पाया पडला आणि निघताना म्हणाला, "चष्मा सांभाळा काका. मैदानात गर्दी राहते. फुटला-बिटला तर कसं होईन?"

कलम १. माझे दोन खोल्यांचे कौलारू घर पत्नी कौसल्या हिला. तिच्या हयातीत कोणी विकू नये. काल ती म्हणाली, "ताप आला म्हनून सांगा न जी. काहून जाता मराले?" तापाचा विचार मीही दोनदा केला होता.

कलम २. माग, धोटे आणि फण्या मुलगा रवींद्र यास. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला आहे, मागावर बसणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लाकूड चुलीत घालू नये. सायकलही त्यालाच. ब्रेक लागत नाही, आधी दुरुस्त करावा.

कलम ३. शेजारी बबनराव यांच्याकडे माझी शिडी चार वर्षांपासून पडून आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. फक्त ती माझी आहे, हे त्यांनी एकदा तोंडाने म्हणावे.

कलम ४. वज्रदंड मंडळाला मी माझा राग ठेवून जातो. ते जिंकतात हे खरे. ईश्वरदास चढाईला निघाला की माझ्याही अंगावर काटा येतो, असा खेळ मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. पण मला ते आवडत नाहीत. आमच्या वेळी, आणि तांडापेठेच्या संघात अजूनही, बाद झालेला गडी शिट्टीची वाट पाहत नाही. स्वतः वाकून मातीला हात लावतो आणि बाहेर जातो. वज्रदंडच्या एकाही गड्याने सात वर्षांत मातीला हात लावलेला मी पाहिला नाही. पकडीत घोटे पिळतात, पंचाची पाठ वळली की डोळ्यांत माती टाकतात, आणि जिंकल्यावर हरलेल्याच्या दारात जाऊन ताशा बडवतात. सारे शहर त्यांच्या मिरवणुकीत नाचते. नाचो बापडे.

कलम ५. आता जे लिहायचे आहे ते लिहितो. गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तांडापेठेचा लहानू चढाईला गेला आणि पकडला गेला. मी शिट्टी वाजवली. खेळ थांबला. त्यानंतर, होय, शिट्टीनंतर, ईश्वरदासने त्याच्या गुडघ्यावर दोन्ही पायांनी उडी घेतली. मी तीन हातांवर होतो. आवाज ऐकला. पोरगा विव्हळत होता, तशातही त्याने मातीला हात लावला, मग त्याला उचलून नेले. अहवालात मी लिहिले : पाय घसरून इजा. ढाल द्यायला पाहुणे उभे होते आणि वज्रदंडची पोरे माझ्याकडे पाहत होती. मी भ्यालो. लहानूचा पाय आता दुमडत नाही, विणताना पाय सोडून बसायच्या मागाच्या खड्ड्यात उतरत नाही. बापजाद्यांचा धंदा त्याच्या हातून गेला.

कलम ६. म्हणून घराचा रस्त्याकडचा ओटा लहानू यास. त्यावर त्याने टपरी टाकावी.

कलम ७. हा कागद माझ्या तेरवीनंतर उघडावा व पाचवे कलम मैदानावर वाचावे. मेलेल्याला कोण मारणार?

येथवर लिहून साक्षीदार बोलावले. शिडीचे कलम वाचून बबनराव हसले. पाचवे वाचले आणि लेखणी खाली ठेवली. "मले लेकरंबाळं हायेत गा, मार्तंडराव," म्हणाले आणि मागच्या दाराने गेले. उद्याचे दुसरे पंच गिरिधर मास्तर, त्यांनी सही केली. दुसरी सही कोण करणार? मास्तर कोणाला न विचारता लहानूलाच घेऊन आले.

त्याने भिंतीला टेकून सगळे वाचले. मी मान खाली घातली होती. तो म्हणाला, "काका, मेल्यावर कायले सांगता? माहा गुडघा तर आता दुखून राहिला."

मी म्हणालो, "मले भेव लागते रे, लहानू."

"मलेही लागते," तो म्हणाला. "मी येतो न उद्या. बसता येत नाही, उभा राहीन."

ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही करू नये, असे मास्तरांनी सांगितले. लहानू म्हणाला, "मंग खोडा ते सहावं." कौसल्या दारातून म्हणाली, "खोडा. ओटा माहा हाये न आता? मी पाहून घेईन."

सहावे कलम खोडले आहे. सातवेही खोडले आहे. दोन्हींपुढे माझी सही आहे. सातव्याच्या जागी असे समजावे :

उद्या नाणेफेकीआधी पाचवे कलम मी स्वतः भोंग्यावर वाचीन. वाचून झाल्यावर वाकून मातीला हात लावीन, शिट्टी मास्तरांच्या हाती देईन आणि मैदानाबाहेर जाईन. मी गेल्या वर्षीच बाद झालो होतो, बाहेर जायचा राहिलो. घरी पोचलो तर हा कागद पेटीत ठेवावा. न पोचलो तर वरीलप्रमाणे वाटणी करावी आणि कौसल्येला एकटे सोडू नये.

अक्षर हलले आहे, पण माझेच आहे.

मार्तंड गणपतराव धकाते
तांडापेठ, नागपूर
१ फेब्रुवारी १९७५

साक्षीदार :
१. गिरिधर सदाशिव निखारे, शिक्षक
२. लहानू शालिकराम पौनीकर, पूर्वी विणकर
(पाय दुमडत नसल्याने कागद भिंतीला लावून उभ्याने सही केली.)