नारिंगी गाल

३ नोव्हेंबर १९९६

माशी सापडेना! प्लेगनंतर गावभर साफसफाई करून सुरतेने आमची पंचाईत केली. शेवटी बायकोच, छाया, कॅमेरा घेऊन नानपुऱ्याच्या मासळीबाजारात गेली. मासळीवाली म्हणे, "बेन, माखीना फोटा पाडो छो? अमारो पाडो ने!" हिने आधी तिचा काढला, मग माशीचा. निवृत्तीनंतर माश्यांवर पुस्तक लिहायचं मला सुचलं, आणि वासाने नाक मुरडणारी ही बाई उन्हात उभी!

९ नोव्हेंबर

फोटो धुऊन आले. पहिलाच उचलून म्हटलं, "हिरवी माशी, लुसिलिया." छाया हळूच म्हणाली — "अहो, गाल तर नारिंगी आहेत."

नारिंगी गाल म्हणजे दुसरीच माशी, क्रिसोमाया. जन्मभर हेच शिकवलं! खापर फोडलं स्टुडिओवाल्यावर. खरं म्हणजे मला गाल दिसलेच नाहीत. जिथे नेमकं बघावं तिथेच करडा डाग. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. हिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुस्तक बंद, आणि ही रडत बसणार. भीती वाटते. इथे तरी लिहितो.

१४ नोव्हेंबर

हिचं नवं खूळ. फोटो हातात द्यायच्या आधी स्वतःच वर्णन करते. "थांबा, मला शिकायचंय. डोळे लाल, एकमेकांना टेकलेले. गाल नारिंगी."

"क्रिसोमाया. नर."

"आणि मादी?"

"तिच्या डोळ्यांत अंतर असतं."

"बरंच आहे. बायकांना जरा जास्तच दिसतं!"

हसलो. शिकतेय ते बरं. माझं झाकलं जातंय.

१७ नोव्हेंबर

फ्रिजमध्ये बाटली, बाटलीत माशी, शेजारी श्रीखंड! ओरडलो. म्हणाली, "गार पडली की हलत नाही, फोटो नीट येतो." फोटो झाल्यावर उन्हात ठेवली, उडेपर्यंत जवळ बसून राहिली. किती आवडते मला ही! तोंडावर कधी म्हटलं नाही.

२० नोव्हेंबर

ओळीवर ओळ चढते आहे.

२१ नोव्हेंबर

हे अक्षर माझं, छायाचं. हे सांगताहेत, मी लिहितेय. मागची पानं वाचणार नाही असं कबूल केलंय.

सकाळी मीच म्हटलं, "अहो, नारिंगी गालांच्या दिवशीच कळलं होतं मला." बराच वेळ माझा हात धरून बसले. आता म्हणताहेत — लिही, मला ती फार आवडते.

"कोण, माशी?" विचारलं.

"तू लिही," म्हणाले.