आमच्या गल्लीत घोडे नकोत

९ जून
गॅस संपला, लाईट गेली, नातीने माझा चष्मा पाण्याच्या पिंपात टाकला, आणि तेवढ्यात एक बेन दारात उभी राहून विचारते, माजी, ताण येतो का? राम राम मागाहून.
नाव हेतलबेन. लेकरांच्या मनाचं शिकलेली. सुरतेत आमच्या लिंबायतमध्ये घरोघर बघणार, लेकरं कशी वाढतात. मग साहेबांना सांगणार, मग सरकार नियम काढणार. लेकरं वाढवली मी, नियम काढणार सरकार. चहा दिला नाही.

१० जून
विचार केला. बेनला आपणच शिकवावं. नाहीतर सरकारला कळणार कसं? शेजारची पुष्पाबाई सांगणार? तिला तिची सून मीठसुद्धा विचारत नाही.

१२ जून
शिकवलं. लेक गजेंद्र लूमवर, सून नूतन साड्यांना टिकल्या लावायच्या कारखान्यात नुकतीच लागली. अडीच वर्षांची सायली माझ्याकडे. कशी सांभाळता? दाखवलंच. जुन्या लुगड्याची पट्टी, एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं सायलीच्या कमरेला. मोरी लांब, शेगडी लांब. बेन बराच वेळ बघत राहिली. भारावली. नुसत्या पट्टीचा फोटो घेतला. नियम निघणार.

१६ जून
सायलीने गाठ सोडली. पार रस्त्यावर. रिक्षावाल्याने उचलून आणली. नूतन रडली, म्हणे काम सोडते. मी म्हटलं, मी मेले का? उद्यापासून दोन गाठी.
गुडघे बोलतात. दुपारी घटकाभर लवंडायला मिळालं असतं तर. असो.

१९ जून
चौकात मीटिंग. बेन आणि एक साहेब. नूतन कामावर. सगळं गुजरातीत. बायांना अर्थ मीच सांगितला, तीस वर्षं सुरतेत काढलीत. तर म्हणे गल्लीच्या तोंडाशी घोडियाघर काढणार. आम्हाला चालायला जागा नाही आणि हे वरातीचे घोडे बांधणार. लीद कोण उचलेल, पुष्पाबाई?
उभी राहिले. म्हटलं, "घोडियाघर नथी जोईतुं." नको म्हणजे नको.
बेन म्हणाली, नक्की? छोकराओ माटे छे.
"हमारे छोकरे के लिए हम बैठे हैं."
बायांचे हात वर करवले. बेनचं तोंड उतरलं. साहेबांना म्हणाली, घरच्यांना नको ते लादायचं नाही. बेन शिकतेय हळूहळू.

३० जून
घोडे पलीकडच्या गल्लीत गेले. गल्ली वाचली. मला कोणी हार घातला नाही, पण असो.
सायली आज पलंगच ओढत दारापर्यंत आली.

४ जुलै
घोडे बघायला गेले. घोडा एक नाही. पाळणे. रांगेने पाळणे, खाली चटया, लेकरं खिचडी खाऊन झोपलेली. तिथली बाई हसून म्हणाली, "घोडियुं एटले पारणुं, माजी." घोडियुं म्हणजे पाळणा. मग सरळ पाळणाघर म्हणावं ना.
भिंतीवर माझ्या पट्टीचा फोटो. वर लाल फुली.
सायलीला घ्या म्हटलं. जागा भरली. आणि तुमच्या गल्लीला तर नकोच होतं ना, म्हणाली.

५ जुलै
सायलीला जागा नाही कळल्यावर नूतनने काम सोडलं. भांडी आपटतेय. विचारतेय, मीटिंगमध्ये नको म्हणालं कोण? पुष्पाबाई ओट्यावर कान लावून बसलीय.
मी बोलणार नाही. पाळण्याला घोडा म्हणायचं कोणी शिकवलं? हेतलबेनने यावं, इथे, नूतनसमोर, आणि तिनेच उत्तर द्यावं. मी भिंतीकडे तोंड करून निजलेय.