कापड तयार कधी होतं

आई, मी नेमकं काय काम करते हे तुला कधी सांगता आलं नाही, कारण तू होतीस तेव्हा मी ते करत नव्हते. ज्या कंपन्यांना बदलायचं असतं तिथे जाते आणि साधे प्रश्न विचारते. ऑर्डर कशाला म्हणता, गिऱ्हाईक कोणाला म्हणता. मग कोणती गोष्ट कशात मोडते याचा एक मोठा नकाशा काढते आणि त्यावरून मालक काय ठेवायचं, काय बंद करायचं ते ठरवतात. उंटावरून शेळ्या हाकायचा पगार मिळतो म्हण ना.

यंदा बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत होते. विचारलं, कापड तयार कधी होतं? विणाईचे साहेब म्हणाले, मागावरून उतरलं की. विक्रीवाले म्हणाले, गठ्ठे बांधले की. घोडं पेंड खात होतं ते मधल्या खोलीत. तिथे बायका दिव्याच्या टेबलावर कापड पसरून सुटलेला धागा सुईने पुन्हा भरतात. तू आयुष्यभर केलंस तेच. पहिल्या नकाशात मी ती खोली 'दोष' या चौकटीत टाकली होती. नवे माग आले की त्या चौकटीतलं सगळं बंद व्हायचं होतं, म्हणजे त्या बायकांची नोकरीही.

मग एक दिवस मी त्या खोलीत नुसती बसून राहिले. तेलाचा डाग पडलेलं कापड बिघडलेलं असतं, पण धागा सुटलेलं कापड बिघडलेलं नसतं, त्याची विणाई बाकी असते. मी ती खोली विणाईत हलवली. विणाईचे साहेब चिडले. "म्याडम, चौकट बदलून काय होते? खर्च तं तोच हाय ना!" मी म्हटलं, तोच आहे, पण नव्या मागावरही धागा सुटणारच, आणि ही खोली नसली तर चांगलं कापड तुम्ही हलकं म्हणून विकाल. मालकांनी बराच वेळ घेतला. खोली राहिली.

निघताना तिथली एक बाई म्हणाली, "तुमच्यानं आमचं काम वाचलं, म्याडम." आणि लगेच सुई पुढे केली. "जरा दोरा ओवून द्या ना. मले आता दिसून नाही राहिलं."

मी ओवून दिला, आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. तू ताट डोळ्यांशी धरून तांदूळ निवडते आहेस. मी तुझ्या पिशवीतली सुई काढून एका चिंधीवर तुझ्यासारखं करून बघते. तू ताट आपटतेस. "ठेव वं ते खाली! काहून शिकून राहिली? हे काम माह्यासंगं सरू दे. कोणाच्या पोरीले नको." मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आता तुझी आठवण येते, तीही बहुधा अशाच कामाच्या वेळी.

परवा गिरणीतून फोन आला. खोली आता विणाईचा पक्का विभाग झाली आहे, म्हणून तिथे नव्या पोरी घेणार आहेत. जुन्या बायका त्यांना शिकवतील. छान झालं, असं मी फोनवर म्हटलं. मग नकाशा पुन्हा काढून तपासला. तो बरोबर आहे.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही. पण खरं सांगू? तू असतीस, तरी पाठवलं नसतं.