पत्ते माझे, टाळ्या त्याच्या

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा औषध घेतात ना?

टॅरोच्या पत्त्यांची धास्ती घेऊ नकोस. मी भविष्य बघत नाही गं. नाटकाचा सेट अडला की मोठ्या कागदावर रंगमंच काढते, अडलेल्या जागी एक पत्ता ठेवते आणि त्यावरच्या चित्रावरून विचार करते. एका नाटकात जहाज बुडवायचं होतं तेव्हा पत्त्यावर उलटा टांगलेला माणूस निघाला. म्हटलं, जहाज खाली कशाला न्यायचं? समुद्रच वर आणू! निळं कापड वर चढलं आणि टाळ्या थांबेनात.

आमच्या दिग्दर्शकाने आधी मला सगळ्यांदेखत 'भोंदूबाई' म्हटलं होतं. मुलाखतीत मात्र कल्पना स्वतःची म्हणून सांगितली.

पुढच्या नाटकात घर जळायचं होतं. तेव्हा गोड बोलत आला, "काढ ना तुझे पत्ते."

मी त्याच्यासमोरच मांडले. उत्तर लगेच सुचलं. मी शांतपणे पत्ते गोळा केले आणि म्हणाले, "आज काहीच सुचत नाही हो, सर."

मग नोकरी सोडली. बाबांना इतक्यात सांगू नकोस, नवं काम बघतेय.

त्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मी तिकीट काढून पुढेच बसले. घर जळताना नुसते लाल दिवे लुकलुकले आणि लोक खिदळले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. त्याने विंगेतून पाहिलं मला.

तू म्हणशील, पोरी, आता सोडून दे. सोडीन गं. पण अजून माझं मन भरलं नाही.

तुझीच,
धाकटी